आधी जाळी, मग हार

आश्विन शुद्ध नवमी. घटावर आज नववी माळ चढते आणि दाराच्या चौकटीला झेंडूचे तोरण लागण्याची वेळ येते. महाराष्ट्रात ही तिथी खंडेनवमी म्हणून ओळखली जाते. ज्याच्या हाती जे आयुध, त्याने आज ते स्वच्छ करून पुजावे, अशी आपली परंपरा. शेतकरी नांगर-कोयता मांडतो, सुतार वाकस-करवत, शिंपी कात्री, तर गृहिणी विळी आणि अडकित्ता पाटावर ठेवून त्यांना हळदकुंकू वाहते. ज्या वस्तूने वर्षभर आपले पोट भरले, तिच्यापुढे एक दिवस नम्र व्हावे, हा त्यामागील भाव.

यंत्रयुग आले, तेव्हा हीच परंपरा गिरण्या-कारखान्यांत शिरली आणि तेथे अधिकच खुलली. पिंपरी-चिंचवड, सातपूर-अंबड, वाळूज, शिरोली, इचलकरंजी. कोठेही जा, आज लेथवर झेंडूचा हार दिसेल, मागाला आंब्याचा डहाळा बांधलेला असेल. एरवी तेलाने माखलेल्या वस्त्रांत वावरणारा कामगार आज स्नान करून, कपाळी गंध लावून, पत्नी-मुलांसह येतो आणि "हे माझे मशीन" म्हणून त्यांना अभिमानाने दाखवितो. प्रसादाचे पेढे वाटले जातात. वर्षभर गर्जणारे कारखाने या एका दिवशी शांत असतात.

त्या शांततेतच एक प्रश्न विचारावासा वाटतो. ज्या यंत्राची आपण पूजा करतो, ते यंत्र आपल्या पूजकाला धडधाकट घरी पाठवील, अशी व्यवस्था आपण केली आहे काय?

एका खंडेनवमीची आठवण

प्रस्तुत लेखकाच्या आयुष्याची बरीच वर्षे कारखान्यांच्या सहवासात गेली. त्यांतील एका कारखान्यातील ही घटना. पॉवर प्रेसचा विभाग होता. खंडेनवमीसाठी आदल्या संध्याकाळी साफसफाई झाली. प्रेसच्या तोंडावरील संरक्षक जाळ्या काढून घासल्या, त्यांना नवा पिवळा रंग दिला आणि सुकण्यासाठी भिंतीशी उभ्या केल्या. नवमीला थाटाची पूजा झाली. जाळ्यासुद्धा कुणी विसरले नाही. भिंतीशी उभ्या असतानाच त्यांनाही कुंकू लागले, एकेक हार चढला. दसऱ्याची सुटी गेली. तिसऱ्या दिवशी पहिली पाळी सुरू झाली, ती माल निघण्याच्या घाईत. जाळ्या बसविण्याचे काम फिटरचे, असे सुपरवायझरला वाटले; फिटरला वाटले, सांगतील तेव्हा बसवू. ऑपरेटर तरुण होता, कामाला चलाख होता. पहिल्या तासातच डायमधील तिरका बसलेला तुकडा सरळ करण्यासाठी त्याचा उजवा हात आत गेला आणि त्याच क्षणी पाय पेडलवर पडला.

तर्जनी आणि मध्यमा, दोन्हींची पेरे गेली. भिंतीशी उभ्या असलेल्या जाळीवरचा झेंडू अजून सुकलाही नव्हता.

"देवाची मर्जी" असे त्या दिवशी अनेकजण म्हणाले. ऑपरेटरची आई मात्र रुग्णालयाच्या व्हरांड्यात एकच वाक्य पुनःपुन्हा बोलत होती : "अहो, ती जाळी तिथेच तर होती ना?" त्या माउलीला यंत्रशास्त्र ठाऊक नव्हते, परंतु अपघाताची संपूर्ण मीमांसा तिच्या एका वाक्यात होती. जाळी होती. ती जागेवर नव्हती.

पुढील वर्षापासून त्या विभागात पूजेचा क्रम बदलला. प्रथम प्रत्येक यंत्राची जाळी बसवावयाची, फिटर आणि ऑपरेटर या दोघांनी ती हलवून पाहावयाची, आणि मगच हार घालावयाचा. "आधी जाळी, मग हार" हे शब्द एका जुन्या कामगाराने खडूने फळ्यावर लिहिले आणि ते कुणी पुसले नाहीत. त्या तरुणाला प्रेसवरून टूलरूमच्या भांडारात घेण्यात आले होते. पूजेच्या वेळी तो आला आणि उरलेल्या अनामिकेने त्याने जाळीला कुंकू लावले.

बोटांच्या टोकांवरची लक्ष्मी

सकाळी उठताच आपले तळहात पाहून वंदन करण्याचा संस्कार अजूनही अनेक घरांत टिकून आहे. बोटांच्या अग्रभागी लक्ष्मी, मध्यभागी सरस्वती आणि मुळाशी गोविंद वसतो, अशी त्यामागील श्रद्धा. पॉवर प्रेस प्रथम घास घेतो तो याच अग्रभागाचा. त्या कुटुंबाची लक्ष्मी अक्षरशः त्या दोन पेरांत असते.

असे अपघात कसे घडतात, हे समजून घेण्याजोगे आहे. प्रेसमध्ये जड चक्र सतत फिरत असते. पेडल दाबले की क्लच चक्राला पकडतो आणि पंच खाली येतो. जुन्या पद्धतीच्या, खिळीच्या क्लचच्या प्रेसमध्ये एकदा फेरा सुरू झाला की तो मध्येच थांबविता येत नाही. खिळी किंवा स्प्रिंग झिजली असेल, तर पेडल न दाबताही पंच दुसऱ्यांदा खाली येतो. कामगार त्याला "डबल स्ट्रोक" म्हणतात. अशा वेळी माणसाचे कौशल्य, दक्षता, अनुभव यांतले काहीच उपयोगी पडत नाही. हजार वेळा वेळेवर मागे आलेला हात एकदा आत राहतो.

म्हणून उपाय असा हवा, की हात आत जाण्याची गरजच उरू नये. जॉब चिमट्याने किंवा सरकत्या कप्प्यातून आत ठेवता येतो. डायभोवती जाळी अशी बसविता येते, की पत्रा जाईल पण बोट जाणार नाही. पेडलऐवजी दोन बटणे देता येतात. दोन्ही हातांनी ती एकदम दाबल्याशिवाय प्रेस चालत नाही, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. घर्षण-क्लचच्या प्रेसवर प्रकाशाचा अदृश्य पडदा लावता येतो. हाताने तो छेदला की पंच जागच्या जागी थांबतो. खिळीच्या क्लचवर मात्र या पडद्याचा काही उपयोग नाही, कारण तो प्रेस मध्येच थांबूच शकत नाही. दोन बटणांपैकी एक बटण चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवण्याची क्लृप्ती काही ठिकाणी आढळते. उत्पादन थोडे वाढते, आणि एक हात पुन्हा मृत्यूच्या दाढेत मोकळा होतो.

हेल्मेट, हातमोजे, चष्मा यांची योजना या सर्वांनंतरची. धोका काढून टाकता येत असेल तर तो काढावा. न आल्यास त्याला बंदिस्त करावे. मग कामाचे नियम आणि शिक्षण. आणि शेवटी अंगावरची साधने. हा क्रम उलटा करून केवळ हातमोजे वाटणे म्हणजे घराला कुलूप न लावता जागरणाला बसणे होय. शिवाय फिरत्या ड्रिलजवळ हातमोजा घातला, तर तोच हाताला आत ओढून नेतो. बांगडी, कडे, गळ्यातील साखळी, सैल बाही, पदर, यांविषयीही तेच.

शमीच्या झाडावरील शस्त्रे

विजयादशमीला आपण शमीचे पूजन करतो, त्यामागील कथा सर्वश्रुत आहे. अज्ञातवासात विराटनगरीत शिरण्यापूर्वी पांडवांनी आपली शस्त्रे शमीवृक्षावर ठेवली. त्या कथेतील एका तपशिलाकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. कुणी अजाणतेपणी त्या झाडाजवळ जाऊ नये, म्हणून पांडवांनी त्यावर एक प्रेतही बांधून ठेवले होते. गाई राखणारे गुराखी दुरूनच परत फिरावेत, एवढी ती स्पष्ट खूण होती. भयंकर शस्त्र ज्याच्या मालकीचे, त्याने ते इतरांना अपाय होणार नाही अशा रीतीने ठेवावे, हा त्याचा धर्म.

आजच्या कारखान्यात या धर्माचे रूप आहे कुलूप आणि पाटी. यंत्र दुरुस्तीसाठी उघडले, की त्याचा मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावावयाचे, "यंत्रावर माणूस काम करीत आहे" अशी पाटी अडकवावयाची, आणि किल्ली त्या काम करणाऱ्याने आपल्याच खिशात ठेवावयाची. चौघेजण काम करीत असतील तर चार कुलपे. शेवटचा माणूस बाहेर येऊन आपले कुलूप काढीपर्यंत वीज येणार नाही. फिटर आत असताना दुसऱ्या पाळीच्या माणसाने अजाणता बटण दाबल्याने जे जीव गेले आहेत, ते एका साध्या कुलपाने वाचले असते.

खंडोबाचा वार आणि सोमवारची छाती

पोट भरणाऱ्या कामाने शरीर झिजू नये, हा विचार आपल्याकडे नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची हक्काची सुटी नव्हती, त्या काळात नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांना संघटित केले. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी कामगाराला कुलदैवताचे स्मरण आणि शरीराला विसावा मिळाला पाहिजे, असा त्यांचा आग्रह असल्याचे सांगितले जाते. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटीला आधार मिळाला. आज आपण सहजपणे उपभोगतो त्या रविवारामागे ही तपश्चर्या आहे.

याच रविवाराने आणखी एक गोष्ट उघड केली. सुताच्या गिरणीत, विशेषतः ब्लो-रूम आणि कार्डिंग खात्यात, कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना सुटीनंतर कामावर आल्यावर, म्हणजे सोमवारी, छाती आवळल्यासारखी वाटते, धाप लागते. मंगळवारी बरे वाटते. पुढे हे दिवस वाढत जातात आणि शेवटी दम कायमचा मुक्कामाला येतो. या रोगाचे नाव बिसिनोसिस. अनेक घरांत तो म्हातारपणाचा दमा किंवा विडीचा खोकला म्हणून सोसला गेला. वेळीच धूळ शोषून घेणारी यंत्रणा बसविली, कामगाराला त्या खात्यातून हलविले, तर तो रोखता येतो. उशीर झाल्यावर गेलेला श्वास परत येत नाही.

ओतशाळेतील वाळूची, दगड फोडण्याची आणि वाळूच्या फवाऱ्याने धातू घासण्याची धूळ याहूनही घातक. तिच्यातील सिलिकाचे अतिसूक्ष्म कण डोळ्यांना दिसत नाहीत. ते फुप्फुसात खोलवर रुतून तेथे व्रण करतात. त्या सिलिकोसिसवर रोग मुळापासून घालविणारे औषध नाही, आणि तो झालेल्यास क्षयाचा धोकाही वाढतो. धूळ पाण्याने दाबणे, उगमापाशीच ओढून घेणे आणि वाळूच्या फवाऱ्याऐवजी पोलादी गोळ्यांचा वापर करणे, हे त्यावरील खरे उपाय. तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवीत नाही.

गोंगाटाने जाणारे कान तर वेदनाही देत नाहीत. हातभर अंतरावरील माणसाशी बोलताना ओरडावे लागत असेल, तर तो आवाज कानास घातक समजावा. प्रथम उंच पट्टीचे सूर हरवतात. घरच्यांना वाटते, यांचे लक्ष नसते; प्रत्यक्षात त्यांना नातवाचे बोबडे बोल आणि आरतीतील झांजांची किणकिण पूर्वीसारखी ऐकूच येत नसते.

इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा आपल्या समव्यवसायींना त्यांनी एक सल्ला दिला : रोग्याला इतर प्रश्नांबरोबर हेही विचारा, की तो काम कोणते करतो. तीन शतके लोटली, तरी हा प्रश्न अनेकदा राहूनच जातो. तो न विचारला गेल्यास रोग्याने आणि त्याच्या कुटुंबाने तो आपण होऊन सांगावा. "मी बॅटरीच्या कारखान्यात आहे", "मी फाउंड्रीत फेटलिंग करतो", एवढे एक वाक्य पुष्कळदा निदानाची दिशा बदलते.

सोवळे आणि शिसे

आपल्या जुन्या घरांत बाहेरून आल्यावर हातपाय धुऊनच उंबरठा ओलांडण्याची रीत होती. सोवळ्याची वस्त्रे वेगळ्या वलणीवर असत, त्यांना इतर वस्त्रांचा स्पर्श होऊ देत नसत. या शिस्तीची आज एका ठिकाणी नितांत गरज आहे. शिशाच्या बॅटऱ्या, त्यांची भंगारभट्टी, काही रंग आणि डाखकाम यांत काम करणाऱ्यांच्या कपड्यांवर, केसांत, नखांत शिशाची धूळ बसते. त्याच कपड्यांनी वडिलांनी बाळाला कडेवर घेतले की ती बाळाच्या तोंडात जाते. शिसे लहानग्यांच्या मेंदूच्या वाढीला बाधक ठरते. म्हणून कारखान्यातच स्नान करावे, कपडे तेथेच बदलावेत, ते घरच्या कपड्यांत धुऊ नयेत, आणि कामाच्या जागी जेवू-खाऊ नये. तंबाखू मळून तोंडात टाकणे म्हणजे शिसे आपल्या हाताने गिळणेच.

घरच्या सुगरणींसाठी आणखी एक विनंती. बोट तुटले वा खोल चिरले, तर जखमेवर हळद, चुना, कॉफी असे काही भरू नये. स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरावा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, ती पिशवी बर्फावर ठेवावी. बर्फ त्या भागाला थेट लागू देऊ नये, आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. डोळ्यात आम्ल किंवा क्षार उडाल्यास वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे डोळा धुवावा. रुतलेला धातूचा कण रुमालाच्या टोकाने काढण्याचा मित्रधर्म कुणी करू नये.

पूजेच्या दिवशीची पथ्ये

उत्सवाच्या दिवशीही काही गोष्टी सांभाळाव्यात. यंत्र पुसण्यापूर्वी त्याचा मुख्य स्विच बंद असावा. नारळ यंत्रावर न वाढविता बाहेर दगडावर वाढवावा. विजेच्या पेटीत गेलेले नारळाचे पाणी अनर्थ करते. रंग, थिनर आणि गॅसच्या टाक्यांजवळ कापूर-उदबत्ती लावू नये. तातडीने यंत्र थांबविण्याचे लाल बटण, मापकाची काच, प्रकाशपडद्याचे भिंग यांवर हळदकुंकू लावू नये. आलेल्या बालगोपाळांचे बोट सोडू नये. आणि पुन्हा काम सुरू करण्यापूर्वी फिरत्या भागांवरील सर्व हार-डहाळ्या उतरवाव्यात, जाळ्या तपासाव्यात, आणि पहिला फेरा हात पूर्ण बाहेर ठेवून रिकामाच फिरवून पाहावा.

हे सारे केवळ सदिच्छेवर सोपविलेले नाही. फिरत्या यंत्रभागांना भक्कम कुंपण असावे आणि यंत्र चालू असेतो ते जागेवर असावे, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने मालकावर बंधनकारक केले होते. भोपाळच्या २ आणि ३ डिसेंबर १९८४ दरम्यानच्या त्या काळरात्रीनंतर, १९८७ मध्ये, त्यात धोक्याची माहिती कामगारांना देण्याची आणि सुरक्षेच्या कामात त्यांना सहभागी करून घेण्याची कलमे वाढविण्यात आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. ठरवून दिलेल्या कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी विनामूल्य करण्याची जबाबदारी तीत मालकावर आहे. त्या तपासणीचा कागद घरी आणून जपून ठेवावा. मुंबईत शीव येथे केंद्रीय श्रम संस्था आहे. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ रोजी झाली, आणि तो दिवस देशभर सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. ज्ञान उपलब्ध आहे, साधनेही आहेत. लहान शेडमध्ये पाच-दहा माणसांनिशी चालणाऱ्या कारखान्यापर्यंत ती पोचणे, हे मात्र अजून पुष्कळ ठिकाणी व्हावयाचे आहे. तेथील मालकही बहुधा भाविकच असतो, आज पूजेला तोच बसतो. त्याने संकल्प सोडताना एवढे मनात आणावे, की जाळीचा खर्च हाही पूजेचाच खर्च आहे.

उद्या विजयादशमी. संध्याकाळी आपट्याची पाने घेऊन घरची मंडळी सीमोल्लंघनाहून परततील. दाराशी औक्षणाचे तबक घेऊन उभी असलेली माता वा पत्नी त्यांच्या कपाळी कुंकू लावील आणि सोने म्हणून आपट्याचे पान हाती देईल. ते सोने घेण्यासाठी पुढे येणारा प्रत्येक हात दहा बोटांचा असो, प्रत्येक छाती भरून श्वास घेणारी असो, हीच आजच्या दिवशी जगदंबेचरणी प्रार्थना. आणि परवा सकाळी पाळीचा भोंगा झाला की, बटणाकडे हात नेण्यापूर्वी क्षणभर थांबून जाळीकडे पाहावे.